काळी दोन

फहाहीलला शुक्रवारची नमाज संपली
की दीडेक तास माझा.
दिलबहादूर बाजारात गेलेला,
शमसुद्दीन झोपलेला, त्याला भूकंपही उठवणार नाही.
मी दाराच्या फटीत टॉवेल कोंबतो,
वरच्या बंकवरून दोन ब्लँकेटं खाली सोडतो,
माईकला धुतलेला मोजा घालतो,
फ्रिजचा प्लग काढतो,
आणि मग, पाण्यात उडी मारावी तसा,
एसी बंद.

तेव्हा कळतं, इथे किती आवाज राहत होता.
उरतो खालच्या मजल्यावरचा गळका नळ
आणि लांब रिफायनरीचा
तो एकच, न संपणारा श्वास.
त्याला प्लग नाही.

आठ मिनिटं. फार तर नऊ.
बाहेर एकोणपन्नास आहे.
पेटीवर भीमपलास, सफेद एकचा षड्ज,
आणि कपाळावरचा घाम पट्टीवर पडायच्या आत
समेवर येऊन थांबायचं.

रात्री मोबाईलवर तीन गोल:
उच्च. मध्यम. कमी.
उच्च ठेवला तर भात्याचा उसासा राहतो,
बोट उचलल्यावर पट्टी लाकडाला टेकते तेही.
पण सहा जणांच्या वायफायवर
पहाटेपर्यंत चढत राहील ती फाईल,
आणि तिकडे पिंगुळीत
विश्राम मेस्त्रींच्या नातीच्या फोनवर
नुसतं चाक फिरत बसेल.
कमी ठेवला तर पोचेल.
काय पोचेल, ते ऐकून पाहिलं:
तार सप्तक पत्र्याच्या डब्यात बसून गातंय.
पेटीला मींड नसतेच,
पण असल्याचा जो भास मी सहा वर्षं घासला
तो सगळ्यात आधी वाहून गेलेला.

मध्यमवर बोट ठेवलं. काढलं.
कमी निवडलं.
आंब्याच्या पेटीत वर गवत घालावं
तसं खाली लिहिलं, मूळ रेकॉर्डिंग बरंच चांगलं आहे.

(फ्रिजचा प्लग लावायचा राहिला होता.
दिलबहादूरची झुबेदी वितळून
सगळ्या खालच्या कप्प्यात पसरली.
तीन दिवस तो माझ्याशी फक्त नेपाळीत बोलला.)

चौथ्या दिवशी मेस्त्रींचा निरोप आला, आवाजातच.
मागे रंधा चालू.
"आयकलंय. काळी दोन उतारली हा तुझी.
आणि शेवटाक घाय केलंस.
खोलयेत उकाडत होता काय रे?"

बस. एवढंच. मग परत रंधा.

हेडफोन लावून मी उच्च दर्जाचं काढलं,
चार वेळा ऐकलं, डोळे मिटून.
गंधार केसभर खाली.
कोमल आहे म्हणून खपून गेला होता,
कोमलाने आणखी थोडं नमतं घेतलं
तर कोण विचारतो?
मला फ्रिज ऐकू आला होता.
नळ ऐकू आला होता.
चौसष्टच्या चाळणीतून गाळलेला,
तुटक नेटवर्कवर, दुकानातल्या भुशात बसून,
त्यांना माझा घाम ऐकू आला.

रात्री ड्यूटीवरून आल्यावर पेटी उघडली.
पितळेच्या जिभेखाली कागदाची पट्टी सरकवली,
दाढीच्या ब्लेडने टोकाशी
दोनदा खरवडलं. वाजवलं. आणखी एकदा.
खिडकीत रिफायनरीची ज्योत
कुठल्याच तालात नसल्यासारखी हलत होती.

पुढच्या शुक्रवारी टॉवेल नाही, ब्लँकेट नाही.
झुबेदी फ्रिजमध्ये सुखरूप.
एसी घरघरत राहिला
आणि मी बावीस मिनिटं वाजवलं,
जिथे थांबावंसं वाटलं तिथे थांबून.
दर्जा कुठला ठेवला, आठवतही नाही.
बोट पडलं त्या गोलावर.

उत्तर त्याच रात्री.
"गंधार बरो हा आता.
मागे कसला यंत्र चालता ता?
पंचमात बसता. जरासा चढा."

दिवा घालवून मी आडवा झालो.
एसीकडे तोंड करून
हलकेच पंचम लावून पाहिला.

खरंच. जरासा चढा.